पित्त उठलं म्हणून पित्ताची गोळी

आमच्या आत्याचा औषधांचा डबा सांगलीत तिच्या फ्रिजवर असतो. बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी आणि ही पित्ताची, पॅन्टोप्रॅझोल ४०. कोणी विचारलं औषधं कुठली चालू आहेत तर ही ती सांगायचीच नाही, पित्ताची गोळी म्हणजे काय औषध आहे का असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

एका सकाळी तिनं ही पित्ताची गोळी घेतली, चहा ठेवला, तोवर तळहात खाजायला लागले, मग पोटावर मांड्यांवर ह्या मोठ्या गांधी. म्हणाली, पित्त उठलंय गं, आमसूल भिजत घाल. आणि इथंच आपला घात होतो बघा, छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर गांधी आल्या तरी पित्तच, म्हणून तिनं अजून एक तीच गोळी घेतली! थोड्या वेळात ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, दोन उलट्या, डोळ्यापुढं अंधारी.

याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शरीर औषधालाच शत्रू समजतं, रक्तवाहिन्या सैल पडून बीपी खाली येतो, घसा आतून सुजतो. क्वचित होतं, लाखो लोक ही गोळी काही न होता घेतात. पण होतं, आणि ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, फॅमोटिडीन या पित्ताच्या दुसऱ्या गोळ्यांनीही होऊ शकतं. आधी महिनोन्‌महिने चाललेली गोळीसुद्धा एक दिवस अशी उलटते.

अशा वेळी अ‍ॅव्हिलसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर भागत नाही, खाज थांबेल पण घसा आणि बीपी सावरायला अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. पेशंटला चालवू नका, आडवं झोपवून पाय वर करा, दम लागत असेल तर टेकून बसवा, १०८ ला फोन लावा. बरं वाटलं म्हणून लगेच घरी पण आणू नका, काही तासांनी परत उलटू शकतं. आणि एक प्रॅझोल बंद करून स्वतःच्या मनानं दुसरं सुरू करू नका, ती सगळी एकाच घराण्यातली, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून टेस्ट करूनच काय ते ठरवा.

त्यानंतर एकदा तापासाठी मिरजेला अ‍ॅडमिट केलं होतं आत्याला. सलाईन लावलं की सोबत पित्ताचं इंजेक्शन बऱ्याच ठिकाणी देतातच. सिस्टर सिरिंज घेऊन आल्या तशी आत्यानं हात सलाईनच्या सुईवर ठेवला आणि म्हणाली, "आधी औषधाचं नाव सांगा बाई, मग द्या."