सलग बसलेला माणूस

लासलगाव. सात वाजून गेलेत, ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्या वरपर्यंत भरून झाल्यात आणि ड्रायव्हर काका स्वतः वर चढून ताडपत्री ओढतायत. आधी क्लीनर असायचा, आता भाड्यात परवडत नाही, म्हणून रस्सी आवळायची यांनीच आणि लोखंडी टॉमी घेऊन एकेक टायर ठोकायचा तोही यांनीच. ऐका. टण्ण आवाज आला की हवा बरोबर, भद्द आला की गाडी हलवायचीच नाही. सव्वीस वर्षांत एक दिवस चुकवलं नाही म्हणतात.

अंगमेहनत संपली ती इथेच. आता पहाटेपर्यंत सीटवर.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसवाल्यांचा अभ्यास छापला. डबल डेकरचे जिने दिवसभर चढणारा कंडक्टर आणि बसून राहणारा ड्रायव्हर, गाडी एकच, पण हार्टचा आजार ड्रायव्हर लोकांमध्ये जास्त. म्हणजे सत्तर वर्षं झाली हे माहीत होऊन!

कसारा घाट. मागे सगळं वजन, खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवायची, पायाशी इंजिनची धग आणि वाशीहून व्यापाऱ्याचा फोन, कुठपर्यंत आलात. पुढच्याने अचानक ब्रेक मारला की शरीराला वाटतं जीवावर बेतलंय, ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स सुटतात, बीपी वाढतं, रक्तात साखर सोडली जाते, कशाला तर पळायला, आणि इथे माणूस जागचा हलू शकत नाही. एखाद्या रात्रीचं उतरतं हो, पण हे रोजचंय.

झोप येऊ नये म्हणून तंबाखू. अंगठ्याचं नख बघा, चुन्याने पांढरं पडलंय.

शुगर निघालीये, बीपीची गोळी चालू आहे.

आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. आपल्याकडे तर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहिलं होतं, दिवसाला ८ तास आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. ती घ्यायची कुठे? हायवेला सावली, पंखा, पाणी असलेली एक खोली द्या, काका दुसरं काहीच मागत नाहीयेत.

वाशी, सकाळ. मोजे काढलेत, सुजलेल्या पायांवर इलॅस्टिकचे वळ. काचेला चादर लावून काका आडवे झालेत, नऊपर्यंत पत्रा तापेल, तेवढ्यात काय झोप होईल ती.