पाचशे शितं आणि एक जंगल

नमस्कार, श्रोतेहो.

मक्याला तुरे आलेले असताना शेतातून आडवं चालत गेला आहात का कधी? पलीकडच्या बांधावर पोचेपर्यंत खांद्यांवर, भुवयांवर, टोपीवर पिवळसर भुकटी बसलेली असते. आपण ती झटकतो आणि पुढे जातो. ती भुकटी म्हणजे परागकण. मक्याचं लग्न वारा लावतो, आणि वाऱ्याचा काही नेम नाही, म्हणून मका हात राखून देतच नाही, उधळतो. शेकड्यातले बहुतेक कण वाया जातात. आज बोलायचं आहे ते अशाच वाया गेलेल्या परागाबद्दल, पण आपल्याकडच्या नव्हे. पार उत्तर युरोपातल्या, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंडमधल्या जंगलांच्या.

तिथली मोठी झाडं बहुतेक वाऱ्याच्या भरवशावर जगणारी. पाइन, स्प्रूस, बर्च, ओक, एल्म. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद. ज्याच्या सालीवर काश्मीरकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच घराण्यातला. उन्हाळा लागला की तिथल्या तळ्यांवर पाइनच्या परागाची पिवळी साय धरते. चार दिवसांत ती काठाला लागते, बुडते, तळाशी बसते. पुढच्या वर्षी तिच्यावर नवा गाळ. असं गेली दहा-बारा हजार वर्षं चाललंय, बर्फाची चादर मागे हटल्यापासून.

आता तुम्ही म्हणाल, एवढा बारीक कण इतकी वर्षं टिकेल कसा? आतला जिवंत भाग टिकत नाहीच. टिकतं ते बाहेरचं कवच. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, आणि हा पदार्थ म्हणजे चिवटपणाची कमाल आहे. तळ्याच्या तळाशी किंवा दलदलीत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे तो हजारो वर्षं जसाच्या तसा राहतो. प्रयोगशाळेत तर त्याचा छळच होतो. गाळ आधी कॉस्टिकसारख्या अल्कलीत उकळतात. त्यातली रेती घालवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, जे काचसुद्धा खातं. मग उरलेला पालापाचोळा ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात जाळतात. एर्डटमन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाची ही युक्ती. एवढं सगळं झाल्यावर परीक्षानळीच्या बुडाशी चिमूटभर तपकिरी साका उरतो, त्यात आपले परागकण शाबूत.

हा साका सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला की माणूस हरखतो. पाइनच्या कणाला दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असतात, अगदी मिकी माऊसच्या कानांसारख्या. स्प्रूसचा कण तसाच, पण अंगानं थोराड. बर्चचा गोलसर तिकोनी, तीन टोकांना तीन भोकं. आणि हे सगळं किती मोठं? बर्चचे चाळीस कण एका रांगेत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हाची गोष्ट. आम्ही गावाजवळच्या एका जुन्या तळ्याचा गाळ आणला होता. हौसेचं काम, साधनं बेताची. एका विद्यार्थिनीनं खोल थरातल्या गाळाच्या स्लाइडमध्ये काटेरी चेंडूसारखे कण दाखवले, आणि एक-दोन नव्हे, भरपूर. आम्ही तासभर पुस्तकं चाळली. शेवटी लक्षात आलं की खिडकी उघडी होती आणि बाहेर मैदानभर काँग्रेस गवत फुललं होतं. या क्षेत्रात खिडकी बंद ठेवणं हाही एक शास्त्रीय नियम आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

असो. परागकण पाहणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजून त्यांचे आलेख काढायची पद्धत रुजवली ती लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूशास्त्रज्ञानं. साल १९१६. युरोपात महायुद्ध पेटलेलं, आणि क्रिस्टियानियामध्ये, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये, स्कँडिनेव्हियातल्या निसर्गशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिथे फॉन पोस्टनं दक्षिण स्वीडनच्या दलदलींतल्या पीटचे आलेख मांडले. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, जो वाळवून तिकडे चुलीत जाळायचे. त्यानं दर थरातले कण मोजले आणि शंभरात पाइन किती, बर्च किती, ओक किती, असं उभ्या आलेखात काढलं. खाली जुनं, वर नवं. एका दलदलीतला आलेख दुसऱ्या दलदलीशी जुळला, आणि लोकांना लख्ख दिसलं की जंगल ही जागच्या जागी उभी असलेली गोष्ट नाही. ते सरकतं. आधी बर्च, मग पाइन, मग हेझेलची एकदम गर्दी, मग एल्म, ओक, लिंडेन, आणि शेवटी स्प्रूस नि बीच. तेव्हा रेडिओकार्बनवरून, म्हणजे अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून, वय काढणं कुणाला माहीत नव्हतं. ते तीसेक वर्षांनी आलं, आणि मगच या आलेखांना पक्क्या तारखा मिळाल्या.

डेन्मार्कच्या योहानेस इवर्सेनचं काम मला जास्त आवडतं, कारण त्यात माणूस आहे. त्यानं १९४१ मध्ये दाखवलं की एका विशिष्ट थरात मोठ्या झाडांचे पराग एकदम घटतात, गवताचे वाढतात, आणि त्यांच्याबरोबर धान्याचे आणि रिबवर्ट नावाच्या एका रानटी रोपाचे कण येतात. हे रोप पायदळी तुडवलेल्या, गुरं चरणाऱ्या जमिनीत उगवतं. याचा अर्थ पहिला शेतकरी तिथे आला, त्यानं झाडं तोडली, पेरलं, गुरं सोडली. काही काळानं बर्च परत आला, जंगल भरून निघालं. शंका घेणारे म्हणाले, दगडी कुऱ्हाडीनं असं जंगल तुटेल का? तेव्हा १९५० च्या दशकात इवर्सेन आणि त्याच्या साथीदारांनी संग्रहालयातल्या अश्मयुगीन कुऱ्हाडींची पाती घेतली, त्यांना दांडे बसवले, आणि डेन्मार्कमधल्या द्रावेदच्या जंगलात सरळ झाडं तोडायला घेतली. झाडं पडली. अंगाची ताकद लावून आडवे घाव घालणाऱ्यांची पाती तुटली. हलके, भराभर घाव घालणाऱ्यांचं काम झालं.

आता या विद्येची दुखरी बाजू.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. परागाच्या बाबतीत ही म्हण चालत नाही. एका शितावरून तर नाहीच. म्हणून दर थराला तीनशे-पाचशे कण मोजतात. पण पाचशे मोजले तरी अडचण संपत नाही, कारण प्रत्येक झाड सारखी शितं टाकत नाही. पाइन हा लग्नघरातला मोठ्या आवाजाचा मामा. तो अमाप पराग काढतो, आणि त्याचे कण पिशव्यांवर तरंगत शेकडो किलोमीटर जातात. आसपास एक पाइन नसला तरी गाळात तो सापडतो. उलट ॲस्पेनचे कण पातळ कवचाचे, ते लवकर विरतात. लिंडेनला मधमाश्या लागतात, म्हणून त्याचा पराग मुळातच कमी. म्हणजे गाळात जास्त दिसणारं झाड जंगलात जास्त असेलच असं नाही, आणि न दिसणारं नव्हतंच असंही नाही.

यावर उपाय शोधले गेले. गाळाच्या नमुन्यात लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू मोजून घातलेली गोळी टाकतात. किती टाकले ते माहीत, किती सापडले ते मोजायचं, मग त्रैराशिक मांडून मूळ पराग किती होता ते काढता येतं. अमेरिकेत मार्गारेट डेव्हिसनं दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला किती कण पडले याचा हिशेब मांडायची वाट घातली. त्यानं टक्केवारीचा एक जुना घोळ सुटला: एक झाड वाढलं की बाकीची कमी झाल्यासारखी दिसतात, प्रत्यक्षात ती होती तेवढीच असतात. शिवाय हल्ली सूचीपर्णी झाडांच्या सुयांवरची रंध्रंही स्लाइडमध्ये शोधतात. पराग वाऱ्यानं लांबून येईल, पण सुई सहसा जवळच पडते.

तरीही स्प्रूसनं सगळ्यांना गोंधळात टाकलं. परागाचे आलेख सांगत होते की हे झाड पूर्वेकडून, रशियाकडून आलं, फिनलंड ओलांडलं, आणि गेल्या तीनेक हजार वर्षांतच स्वीडनभर पसरलं. स्वच्छ, सुटसुटीत गोष्ट, पाठ्यपुस्तकात छापलेली. मग २००८ मध्ये ऊमेओ विद्यापीठाच्या लेइफ कुलमन यांनी जाहीर केलं की दालार्ना प्रांतातल्या फुलुफ्येलेट डोंगरावर एका स्प्रूसच्या खाली सापडलेलं लाकूड सुमारे साडेनऊ हजार वर्षांचं आहे. झाड जेमतेम पाच मीटर उंच. खोड तसं तरुण, पण मूळ जुनं. खोड मेलं की त्याच मुळातून नवं उठतं, फांदी मातीला टेकली की तिलाही मुळं फुटतात. कुलमन यांनी या झाडाला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं, ओल्ड शिक्को.

काहींनी आक्षेप घेतला की खालचं लाकूड आणि वरचं झाड एकच आहे हे कशावरून? रास्त प्रश्न आहे. पण त्यामुळे लाकडाचं वय बदलत नाही. ते झाड याचं पूर्वज असो वा शेजारी, स्प्रूस त्या डोंगरावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी होता. २०१२ मध्ये तर नॉर्वेच्या आन्दोया बेटावरच्या तळ्याच्या गाळात हिमयुगातल्याच थरांत स्प्रूस आणि पाइनचा डीएनए मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. त्यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

मग परागानं खोटं सांगितलं का? मला तसं वाटत नाही. त्यानं एवढंच सांगितलं की स्प्रूसचं दाट जंगल केव्हा झालं. डोंगरावर थंडीनं दबून, जमिनीसरशी झुडपासारखं पसरलेलं झाड फुलोरा धरतंच कशाला? आणि फुलोराच नाही तर खालच्या तळ्याला बातमी कोण देणार? ओल्ड शिक्को हजारो वर्षं बहुधा तसाच खुरटा, फांद्या मातीला लावून पडून होता. विसाव्या शतकात तिथली हवा ऊबदार झाली, आणि त्या झुडपातून एक सडसडीत खोड सरळ वर गेलं. फोटोत दिसतं ते तेच खोड, बुडाशी जुन्या फांद्यांचा घेर घेऊन उभं.

वेळ संपत आली आहे, श्रोतेहो. नमस्कार.