एक गोटी, एक घंटा आणि लंडनचा सिक्युरिटी गार्ड

आत्ता हा टण्ण आवाज आला ना, तो मी या पत्र्याच्या डब्यात गोटी टाकली त्याचा. गोटी नातवाकडून उसनी आणलीय, परत करायचीय, तेव्हा खाली पडली तर कोणी खिशात घालू नका. तर हा आवाज म्हणजे गांबियात एक मत पडलं.

गांबिया म्हणजे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात छोटा देश, नकाशात बघाल तर सेनेगलच्या पोटात बोट खुपसल्यासारखा दिसतो, मधून नदी आणि नदीच्या दोन्ही काठांना चिंचोळी पट्टी, लोकसंख्या साधारण 24 लाखांच्या आसपास. इथे मत कागदावर देत नाहीत, बटण दाबून पण नाही. स्वातंत्र्य मिळालं 1965 साली, त्याच्या आधीपासून, म्हणजे बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं तेव्हापासून ही पद्धत आहे. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा ड्रम, त्याच्या रंगात रंगवलेला, वर फोटो आणि चिन्ह, आणि झाकणाला एक नळी. अधिकारी तुमच्या हातात काचेची एक गोटी देतो, तुम्ही पडद्यामागे जाता, आपल्या माणसाच्या ड्रमच्या नळीत सोडता, गोटी आत घंटेवर आपटते आणि टिंग वाजतं. बाहेर बसलेल्यांना कळतं की मत पडलं, आणि दोनदा वाजलं तर कळतं की हा गडी घरून गोटी घेऊन आलाय. आत तळाला वाळू नाहीतर भुसा असतो, म्हणजे आवाज घंटेचाच यावा. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल आणायला बंदी, कारण काय तर सायकलची घंटी!

हसू नका. आपल्याकडे 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत पण प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, चिन्ह चिकटवलेली, आणि त्यातल्या कितीतरी लोखंडी पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनलेल्या. आपण पुढे मशीनवर गेलो, ते गोटीवरच राहिले, आणि आपल्या मशीनच्या बीपपेक्षा ती टिंग मला तरी जास्त आवडते.

आता गोष्ट. 1994 साली 29 वर्षांच्या एका लेफ्टनंटने बंड करून सत्ता घेतली, याह्या जामे. मग 96, 2001, 2006, 2011 अशा चार निवडणुका जिंकल्या, शेवटची तर 72 टक्क्यांनी. नावाच्या आधी शेख, प्रोफेसर, अल्हाजी, डॉक्टर असं सगळं लावायचं, एड्स मी बरा करतो म्हणून सांगायचं, आणि अल्लाची मर्जी असेल तर अब्जभर वर्षं राज्य करीन असं बीबीसीला मुलाखतीत बोलला होता. हे ऐकायला गंमतशीर वाटतं पण तिथे राहणाऱ्यांना नव्हतं, पत्रकार मारले जायचे, माणसं रात्रीतून गायब व्हायची. 2016च्या एप्रिलमध्ये निवडणूक सुधारणांची मागणी करत सोलो सांडेंग नावाचा विरोधी कार्यकर्ता रस्त्यावर उतरला, त्याला उचलला आणि तो कोठडीतच मेला. त्याचा जाब विचारायला त्याच्या पक्षाचे, म्हणजे युनायटेड डेमोक्रॅटिक पार्टीचे (यूडीपी) नेते उसैनू दार्बो बाहेर पडले, वकील माणूस, वर्षानुवर्षं जामेविरुद्ध लढलेले, त्यांना पण आत टाकलं आणि जुलैत तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यात उमेदवाराचं डिपॉझिट आदल्याच वर्षी 10 हजार दलासीवरून (दलासी म्हणजे तिथलं चलन) थेट 5 लाखांवर नेऊन ठेवलेलं. म्हणजे निवडणूक डिसेंबरमध्ये, नेता जेलमध्ये आणि उभं राहायचं म्हटलं तरी पैसे कुठून आणणार.

आणि इथे येतो अदामा बॅरो, कोणाच्या गावीही नसलेला माणूस. त्याच यूडीपीचा खजिनदार, धंदा जागा-घरांच्या खरेदीविक्रीचा, भाषण यथातथाच. 2000च्या सुमाराला काही वर्षं लंडनला होता, तिथे आर्गोस नावाच्या दुकानात सिक्युरिटी गार्डची नोकरी करून शिकला, दुकानात चोरी करणाऱ्या एकाला पकडून दिलं होतं म्हणतात, आणि आर्सेनलचा फॅन झाला तोही तिथलाच. अशा माणसाला राष्ट्राध्यक्षपदाला उभं करायचं?

तर हो, मुद्दामच. गांबियात दुसरी फेरी नाही, ज्याला सगळ्यात जास्त गोट्या तो जिंकला, मग 40 टक्के असल्या तरी चालतात. म्हणजे विरोधक वेगवेगळे लढले की फायदा जामेचा, आणि इतकी वर्षं ते फुटलेलेच होते. या वेळी त्यांना अक्कल आली, सात पक्ष आणि एक अपक्ष एकत्र बसले, ऑक्टोबरच्या शेवटी अधिवेशन घेतलं आणि बॅरोला निवडलं. मोठा नेता निवडला असता तर बाकीच्या मोठ्या नेत्यांच्या पोटात दुखलं असतं, बॅरोचा कोणाला त्रासच नव्हता. त्याला पक्षाचा राजीनामा द्यायला लावला, अपक्ष म्हणून उभा केला, आणि तीन वर्षं बसायचं मग नीट निवडणूक घेऊन निघायचं असं ठरलं. हे तीन वर्षांचं लक्षात ठेवा.

तिसरा एक होता मामा कांडे. मामा म्हणजे आपला मामा नाही हो, नावच मामा. जामेच्याच पक्षाचा माजी खासदार, वेगळा पक्ष काढून आघाडीच्या बाहेर राहिलेला.

आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत कोपऱ्यात जाते पण माझ्या मते सगळा खेळ तिथेच झाला. गोट्या त्या वर्षी मतदान केंद्रावरच मोजायच्या ठरल्या. लाकडी ट्रे असतात, 200 नाहीतर 500 भोकांचे, ड्रम उपडा करायचा, भोकं भरायची, की सगळ्यांसमोर आकडा तयार. ड्रम ट्रकात घालून रात्री कुठेतरी न्यायची भानगडच नाही. जामेने मतदानाच्या दिवशी, 1 डिसेंबरला इंटरनेट बंद ठेवलं, परदेशचे फोन बंद ठेवले, पण ट्रेमधली भोकं कशी बंद करणार!

निकाल लागला आणि जामे हरला. नंतर दुरुस्त केलेले आकडे असे: बॅरो 2,27,708, जामे 2,08,487, कांडे 89,768. फरक फक्त 19 हजारांचा. आणि खरा धक्का तर पुढेच, जामेने टीव्हीवर बॅरोला फोन लावला आणि हसत हसत अभिनंदन केलं. लोक रस्त्यावर नाचले. मग आठवड्यात पलटला, 9 तारखेला म्हणतो निकाल मान्य नाही. मधल्या काळात आघाडीच्या एका बाई जामेवर खटला चालवू म्हणून बोलून गेल्या होत्या, ते त्याला लागलं असणार. निकालाला आव्हान द्यायला सुप्रीम कोर्टात गेला तर तिथे ऐकायला न्यायाधीशच नाहीत, कारण त्यानेच आदल्या वर्षी काढून टाकलेले! याला आपल्याकडे पोपट होणं म्हणतात.

शेजारच्या देशांनी मग दम भरला, बॅरो सेनेगलला गेला. तिथे असतानाच इकडे त्याचा लहान मुलगा कुत्रा चावून गेला, आणि अंत्यविधीलाही त्याला येता आलं नाही. चारच दिवसांनी, 19 जानेवारी 2017ला, डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात, एका छोट्याशा खोलीत त्याने शपथ घेतली. सेनेगलचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं, आणि 21 तारखेला जामे विमानात बसून इक्वेटोरियल गिनीला गेला.

सिनेमा असता तर इथे संपला असता. पण ते तीन वर्षांचं सांगितलं होतं ना? बॅरो म्हणाला, घटनेत पाच लिहिलंय, मी पाच बसणार. लोक 'थ्री इयर्स जोतना' म्हणत मोर्चे काढायला लागले, जोतना म्हणजे वोलोफ भाषेत वेळ झाली, आणि 2020च्या जानेवारीत सरकारने त्या चळवळीवरच बंदी घातली. दार्बो जेलमधून सुटून परराष्ट्रमंत्री झाले, मग उपराष्ट्राध्यक्ष, मग बॅरोनेच त्यांना काढलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! 2021च्या निवडणुकीआधी तर बॅरोने स्वतःचा पक्ष काढून जामेच्याच जुन्या पक्षाच्या एका गटाशी युती केली. जामे तिकडून फोनवर आपल्या माणसांना सांगतोय की बॅरोला नाही, मामा कांडेला द्या.

त्या वर्षी पण एक नवा चेहरा होता, इस्सा फाल. जामेच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा मुख्य वकील, सुनावण्या टीव्हीवर लाइव्ह दाखवायचे, मारेकऱ्यांना उभे-आडवे प्रश्न विचारायचा, घराघरात ओळखीचा झालेला, बोलायला बॅरोपेक्षा कितीतरी सरस. अपक्ष उभा राहिला, एकटा. त्याच्या ड्रममध्ये दोन टक्के गोट्या निघाल्या, दार्बोंना साधारण 28 टक्के, आणि बॅरो 53 टक्क्यांनी परत निवडून आला.