"मोबाइलमध्ये तर पूर्ण दिसतोय!"

(हौशी छायाचित्रकारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फोटो लॅबच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य मी मथळ्यातच टाकलंय. मुंजीचा ग्रुप फोटो असतो. प्रिंट हातात पडते आणि मागच्या रांगेतल्या उंच पोरांचा भांगच गायब, पुढे मांडी घालून बसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांचे गुडघे गायब. मग लॅबवाल्याचा उद्धार. त्या बिचाऱ्याची चूक एवढीच, की त्याने आधी विचारलं नाही.

बहुतेक फोनचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, ४:३ आकाराचा असतो; लांबी चार भाग तर उंची तीन. समजा, फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा आहे आणि तुम्ही ४ × ६ म्हणजे आपली मॅक्सी साइज मागितली. सहा इंचांची लांबी पूर्ण भरायची तर या फोटोला साडेचार इंच उंची लागते. कागद चारच इंच. अर्धा इंच जाणार, पाव वरून आणि पाव खालून. फोटोचा नववा हिस्सा गेला. पाव इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीसेक माणसांच्या ग्रुपमध्ये एकेक चेहराच तेवढा असतो!

आता डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्या. त्याचा फोटो ३:२. मॅक्सीवर चपखल बसतो. तोच फोटो भिंतीवर लावायला ८ × १० करा. आठ इंच उंची भरली की लांबी होते बारा. दोन इंच बाद, म्हणजे सहावा हिस्सा, आणि तोही डाव्या-उजव्या बाजूंचा. फोनच्या फोटोत डोकी जातात, इथे कडेला उभे असलेले काका जातात. कागद बदलला की बळी बदलतो.

ही मापं जुळत का नाहीत? कारण ती एका घरातली नाहीतच. ८ × १० हे मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांच्या काळातलं माप. तेव्हा निगेटिव्ह जेवढी, तेवढीच प्रिंट. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची. पुढे जर्मनीत वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाक नावाच्या माणसाने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म छोट्या कॅमेऱ्यात घातली. सिनेमाची चौकट होती १८ × २४ मिलिमीटर. स्थिरचित्राला ती फार चिमुकली, म्हणून त्याने शेजारशेजारच्या दोन चौकटींची एक केली. झाली २४ × ३६, म्हणजे ३:२. तो कॅमेरा, लायका, १९२५ मध्ये लोकांसमोर आला आणि त्याची चौकट आजच्या डीएसएलआरपर्यंत चालत आली. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी मात्र संगणकाच्या त्या वेळच्या ४:३ पडद्याशी सोयरीक केली, आणि फोन त्यांच्या मागून गेले. व्हिडिओ आणि टीव्हीचं १६:९ आणखी वेगळं.

लॅबच्या मशीनमध्ये कागदाचा रोल असतो. त्याची रुंदी ठरलेली, लांबी मशीन कापतं. सहा इंची रोल दर चार इंचांवर कापला की मॅक्सी. तोच साडेचार इंचांवर कापला तर फोनचा फोटो अख्खा येईल! मशीनची काही हरकत नसते. हरकत अल्बमच्या खिशाची, बाजारातल्या फ्रेमची आणि दरपत्रकाची असते, कारण ते सगळं ४ × ६ चं.

आणि गुणोत्तर तंतोतंत जुळलं तरी कडेचं थोडं जातंच. बिनबॉर्डरच्या प्रिंटला काठाशी पांढरी रेघ राहू नये म्हणून मशीन चित्र कागदापेक्षा किंचित मोठं करतं. अगदी काठावर तारीख किंवा स्वतःची सही टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझा खरा राग आहे तो फोनमधल्या 'फुल' नावाच्या पर्यायावर. फोटो स्क्रीनभर दिसतो म्हणून मंडळी खूश. स्क्रीन २०:९ ची असेल तर ४००० × ३००० पैकी फक्त ४००० × १८०० उरतात; रुंदी फोननेच छाटली. त्याची मॅक्सी काढली की लॅब लांबी छाटते, उरतात २७०० × १८००. सव्वाकोटीच्या आसपासचे पिक्सेल घेऊन निघालात, कागदावर पोचले पन्नास लाखांहून कमी. चारही बाजूंनी कात्री, आणि नाव फुल! आज घरी जाण्याआधी ते सेटिंग ४:३ करून टाका.

काही ठिकाणी यावर भलताच तोडगा काढतात. कापायचं नाही म्हणून फोटो आडवा ताणून बसवतात. मॅक्सीसाठी हा ताण साडेबारा टक्के होतो. वरमाई आधीच रुसलेली, त्यात तिला आडवी रुंद करून अल्बममध्ये चिकटवायचं!

सरळ उपाय म्हणजे पांढरी बॉर्डर. चार इंच उंचीत फोनचा फोटो सव्वापाच इंचांहून थोडा जास्त रुंद येतो, दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश इंच कोरा राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, "कागद वाया घालवलात." मला विचाराल तर कोरा कागद वाया गेलेला परवडला, आजोबांचा फेटा नको.

बॉर्डर नकोच असेल तर माप बदला. फोनसाठी ६ × ८ किंवा १२ × १६, डीएसएलआरसाठी ८ × १२ किंवा १२ × १८. बाजारात ८ × १० च्या तयार फ्रेम ढिगाने मिळतात म्हणून आपण त्यात फोटो कोंबतो. माझ्या मते ८ × १२ ची फ्रेम बनवून घ्यायला चार पैसे जास्त गेलेले बरे. ८ × १० च हवं असेल, तर फोटो काढतानाच दोन पावलं मागे जा आणि कडेला मोकळी जागा सोडा. आणि लॅबला फाइल देताना नुसतं "मॅक्सी काढा" म्हणू नका. 'फिट' (फोटो अख्खा, कडेला कोरी जागा) की 'फिल' (कागद पूर्ण भरलेला, फोटोच्या कडा कापलेल्या) ते सांगा, फिल असेल तर स्क्रीनवरची क्रॉपची चौकट तुमच्यासमोर सरकवून घ्या. मशीन मधोमध धरून दोन्हीकडून सारखं कापतं. वर नुसतं आभाळ आणि खाली माणसं असतील तर सगळी कात्री आभाळावर चालवायला सांगता येते, त्याला अर्धा मिनिट लागतो.

ज्यांनी पेन ड्राइव्ह आणलेत त्यांनी पुढे या. एकेक फोटो पडद्यावर लावून चौकट कुठे बसते ते पाहू.