सिमेंटचा पाइप म्हणे!

राजेहो, बॉयलरच्या सर्व्हिसिंगवर बोलायचं कबूल केलंय, पण आधी माझं जुनं दुखणं ऐका. जुन्या राइस मिलींत धुराचा जो करडा पाइप दिसतो, त्याला आपण 'सिमेंटचा पाइप' म्हणतो. आता सिमेंटला कोण भितं? त्या सिमेंटात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कालवलेले असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलमध्ये लागलो तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पहिल्याच सर्व्हिसिंगला उस्तादांनी हॅक्सॉ दिली, म्हणाले, "एवढा तुकडा काप." पाइप मांडीवर घेऊन घासत बसलो. पांढरी पूड भुवयांत, हातावरच्या केसांत. तोंडाला दुपट्टा बांधला होता बरं का, मोठा शहाणा! मच्छरदाणीनं धूर अडवण्यातला प्रकार. जेवणाच्या सुट्टीत तोच दुपट्टा झाडला, तर सगळे हसले, "चक्कीतून आला का बे?" संध्याकाळी मायनं तो दगडावर आपटून धुतला. म्हणजे तिचाही वाटा घरपोच. या तंतूंनी होणारा फुप्फुसाचा आजार वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं तोंड उघडत नाही. माझी चाळीस भरली. हसू नका, मीही मोजतोच आहे.

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवाव्या. आमच्या मिलीत हजेरीपट उंदरांच्या कृपेवर. ब्रिटननं १९९९ साली उरलासुरला अ‍ॅस्बेस्टॉसही बंद केला. आपल्याकडं त्याचा पत्रा अजून दुकानात उभा आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. मंडईच्या जत्रेचे दिवस, तिकडं नाटकवाले पेटी लावतायत. मग भराभर सांगतो.

पाइप जुना असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसचाच धरून चाला. धड असेल तर त्याला कापू नका, भोक पाडू नका, काजळी पाडायला हातोडी मारू नका. काढायचाच असेल तर बॉयलर पूर्ण थंड होऊ द्या. साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारून पाइप ओला ठेवा, जोडावर सोडवा, अख्खा उतरवा. जोडातली पांढरी दोरीही त्याच तंतूंची, पाइपापेक्षा वाईट, बोटानं चुरते. तीही ओली करूनच काढा. मास्क बारीक धूळ अडवणारा, एफएफपी-३ चा, आणि दाढी केलेली हवी, नाहीतर कडेनं हवा शिरते. झाडू नको, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकंही पाइपासोबत जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधा. वर 'अ‍ॅस्बेस्टॉस' असं लिहा. घातक कचऱ्याची सोय नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, गावच्या नाल्यात नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. नवा पाइप लोखंडी किंवा स्टीलचा बसवा, दोरी काचतंतूची.

आणि मिलीतून काढलेला तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर कोणी टाकलाय, त्यांनी हात वर करा... बरं, नका करू. घंटा झाली.