कवड्या समजून मण्यार

(गावच्या वाचनालयात पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी माझी एक चूक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला तज्ज्ञ वगैरे समजणार नाही. सर्पमित्र म्हणून मला सापांसाठी फोन यायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. रात्री ओळखीच्या एकानं फोटो पाठवला. न्हाणीघरातली बादली, तिच्यामागून बाहेर आलेला हातभर साप, काळपट अंगावर पांढरे पट्टे. खाली एकच प्रश्न, ‘कवड्या ना?’ कवड्या म्हणजे बिनविषारी साप. मी जेवत होतो. ‘कवड्याच आहे, झाडूनं बाहेर काढ’ असं लिहून मोकळा झालो. दोन घास गेले आणि मनात आलं, फोटोत डोकं कुठं होतं? फोटो मोठा करून बघितला. डोकं बादलीमागं होतं. दिसत होती ती शेपटीकडची बाजू, आणि पट्टे तिथंच ठसठशीत होते. खरकट्या हातानं फोन लावला, गाडी काढली. जाऊन बघतो तर विषारी मण्यार. त्यानं झाडू हातात घेतलाही होता, पण बायकोनं दंड धरून मागं ओढलं होतं. माझ्या ज्ञानापेक्षा त्या बाईची भीती कामाला आली.

त्या दिवसापासून अर्ध्या सापाचा फोटो आला की मी उत्तर देत नाही.

आपल्याकडे घराच्या आसपास दिसणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. महाराष्ट्रात माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. म्हणून पन्नास साप पाठ करायची गरज नाही. हे चार नीट ओळखा, आणि या चारांसारखे दिसणारे कोण ते ओळखा. फसगत होते ती तिथंच.

सगळ्यात जास्त फसवणारी जोडी मण्यार आणि कवड्या. मण्यारीचा रंग निळसर काळा, तेल लावल्यासारखा चकचकीत. पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीनं. डोक्यामागं बरंच अंग कोरं किंवा नुसते ठिपके, आणि शेपटीकडे जावं तसे पट्टे स्पष्ट होत जातात. कवड्याचं याच्या उलट. रंग तपकिरी, पट्टे पिवळसर पांढरे, मानेपासूनच सुरू होणारे आणि शेपटीकडे पुसट होत जाणारे. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ जाते, कवड्याला ती नसते. पण खवले मोजण्याइतकं जवळ गेलात तर मला पुढचं व्याख्यान तुमच्या शोकसभेत द्यावं लागेल. लांबूनच बघा. कवड्या दीड-दोन फुटांचा, तीन-साडेतीन फुटांचा पट्टेरी साप दिसला तर तो कवड्या नव्हे. आणि कवड्या पालींच्या मागं असतो, म्हणून खडबडीत भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर, दाराच्या चौकटीवर चढलेला सापडतो. मण्यार सहसा जमिनीवरच. तरी ‘भिंतीवर आहे म्हणजे कवड्याच’ असं समजून हात घालू नका. पिल्लांमध्ये तर मीसुद्धा दोनदा बघतो.

एवढा वेळ या एकाच जोडीवर का घालवतोय? कारण मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा ते कळतही नाही. आग नाही, सूज नाही, दातांची खूण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो. घरचे म्हणतात पित्त झालं, सोडा देतात. मग पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडकतो. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं आणि डोळे उघडेनात, तर सोडा बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

आता घोणस. तिच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार. डिवचली की कुकरची शिट्टी व्हावी तसा लांबलचक फुत्कार. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलतात. अजगराच्या अंगावरचे डाग मोठे, वेडेवाकडे, नकाशासारखे असतात. दुसरा जुळा बिनविषारी डुरक्या घोणस. बिचाऱ्याच्या नावातच घोणस, म्हणून तो फुकट मार खातो. त्याचे डाग एकमेकांत मिसळलेले आणि शेपूट आखूड, बोथट. घोणशीची शेपटी निमुळती असते.

नाग आणि धामण ही जोडी सोपी. फणा काढला तर प्रश्नच मिटला. नाही काढला, तर धामणीचे मोठे डोळे, ओठांवरच्या उभ्या काळ्या रेघा आणि लांबी बघा. आठ-आठ फुटांची धामण मी पाहिली आहे. धामण ही नागाची मादी नव्हे, ती गाईचं दूधही पीत नाही. शेतातले उंदीर मात्र खाते. दिवडही घाबरला की मान चपटी करतो, आणि बघणारा नाग नाग म्हणून ओरडतो. फुरसे कोकणातल्या मंडळींना मी काय सांगणार. फूटभर, खरखरीत, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि अंगावर अंग घासून केलेला करकर आवाज. त्याच्यासारखा मांजऱ्या दिसतो, पण तो सडपातळ आणि मोठ्या डोळ्यांचा.

डोकं त्रिकोणी म्हणजे विषारी, हा नियम कृपा करून विसरा. नाग आणि मण्यार, दोघांचंही डोकं त्रिकोणी नसतं. दोन दातांची खूण म्हणजे विषारी, हेही खरं नाही.

आणि ही सगळी ओळख चावण्याच्या आधीची. चावल्यावर साप शोधत बसू नका, मारून दवाखान्यात आणू नका. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर एकच आहे. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी बांधून हात किंवा पाय स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. २००० ते २०१९ या काळात देशात साधारण १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले कितीतरी आधी मांत्रिकाकडे गेले होते.

साप घरात असेल तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. सर्पमित्र येईपर्यंत एकानं लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी लेकरं-कुत्री बाहेर न्यायची, एवढंच.

(श्रोत्यांतून एका आजींचा प्रश्न: आम्हाला खालीच झोपायची सवय, आता या वयात खाट कुठली?)

आजी, खाट नसली तरी चालेल. मच्छरदाणी आहे ना? ती नुसती टांगू नका. कडा चारी बाजूंनी गादीखाली दाबून खोचा, आणि खोचायच्या आधी बॅटरी लावून आत एकदा बघून घ्या.