सरकारला माल विकायचाय? आधी नोंदणीचं बघू

नमस्कार श्रोतेहो.

सरकारी कार्यालयांना खुर्च्या लागतात, रुग्णालयांना चादरी लागतात, सफाईला माणसं लागतात, आणि हे सगळं कोणीतरी पुरवतंच. छोट्या उद्योजकाकडे विषय काढला की तो म्हणतो, "तिथे ओळख लागते हो." त्या वादात मी आज शिरत नाही. ओळख लागो न लागो, छोट्या उद्योगाच्या सवलती हव्या असतील तर नोंदणी मात्र नक्की लागते, आणि ती घरबसल्या, फुकट होते.

या नोंदणीचं नाव उद्यम, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. पूर्वी उद्योग आधार होतं, त्याच्या जागी १ जुलै २०२० पासून उद्यम आलं. आधार क्रमांक, पॅन आणि तुमच्या धंद्याला लागू असेल तर जीएसटी क्रमांक, एवढं हाताशी ठेवा. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, माहिती तुम्ही स्वतःच घोषित करता. पत्ता नीट लिहून घ्या: उद्यम रजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते बघा. अगदी सरकारी वाटणाऱ्या काही संकेतस्थळांवर याच कामाचे पैसे मागतात. सरकारी फी शून्य रुपये आहे. कोणाला अर्ज भरून देण्याची मजुरी देणार असाल तर तुमची मर्जी, पण ती फी नव्हे, हे माहीत असू द्या.

आता जिथे माणसं घाई करतात ती जागा. अर्जात तुमचा धंदा कोणता, हे एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक, निवडून सांगायचं असतं. भरून देणारा विचारतो, "काय टाकू?" आपण म्हणतो, "टाका काहीतरी." तो "व्यापार" टाकून मोकळा होतो. प्रमाणपत्र मिळतं, भिंतीवर लागतं. पण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यममध्ये घेतलं, ते केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. सरकारी खरेदीतल्या सवलती व्यापाऱ्याला नाहीत. त्या वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहेत. समजा, एक ताई स्वतःच्या मशिनवर गणवेश शिवतात. कोड पडला कापडविक्रीचा. निविदा उघडल्यावर त्या कागदोपत्री विक्रेत्या ठरतात आणि सवलत हातची जाते. म्हणून तुम्ही बनवता काय, ते शब्दाशब्दाने तपासून कोड निवडा. आधी चुकलं असेल तर त्याच संकेतस्थळावर दुरुस्ती करता येते. आज कार्यक्रम संपल्यावर प्रमाणपत्र काढून एवढं तरी बघाच.

सवलती कोणत्या? केंद्र सरकारचं खरेदी धोरण २०१२ पासून लागू आहे. केंद्राची मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी ठेवलेला आहे. लोणची-पापडांपासून छत्र्यांपर्यंत ३५८ वस्तू तर केवळ सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच राखीव आहेत. निविदेचा फॉर्म फुकट, बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत भरायची अनामत, माफ. दराचीही एक सोय आहे. मोठ्या कंपनीने सर्वांत कमी, १०० रुपये दर दिला आणि तुमचा ११२ आला, तरी तुम्ही बाद होत नाही. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर १०० वर यायची संधी मिळते, आणि ठरावीक हिस्सा तुम्हाला पुरवता येतो. हे सहसा कोणी सांगत नाही.

पण बयाणा माफ म्हणजे सगळंच माफ, असं समजू नका. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत भरावी लागते. बांधकामाच्या ठेक्यांना हे धोरण लागू होत नाही. राज्य सरकारांवरही ते बंधनकारक नाही. आपल्या राज्याचे खरेदीचे नियम वेगळे आहेत, आणि राज्याच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर निघतात. तिथे बोली लावायला डिजिटल सही घ्यावी लागते.

केंद्राची बरीच खरेदी आता जेमवर, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर होते. ते ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. तिथे विक्रेता म्हणून नाव घालताना आधार, पॅन, बँक खातं यांच्यावरचं नाव जुळलं पाहिजे. एकीकडे "सुनीता रा." आणि दुसरीकडे "सुनिता रामचंद्र" असेल तर गाडी अडते. आधी ते जुळवून घ्या, मग बसा अर्जाला. नाव घातलं म्हणजे ऑर्डर येत नाही, आपल्या वस्तूंची यादी, फोटो, तपशील चढवावे लागतात, बोलींवर रोज नजर ठेवावी लागते. आणि दर टाकताना माल कुठे पोहोचवायचाय ते वाचा. वाहतूक तुमच्याच दरात असते. पहिली ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात लोक नेमकं हेच विसरतात, आणि नफा ट्रकवाला घेऊन जातो.

राहिला उधारीचा प्रश्न. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं असतं, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते, पुढे ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते. वेळ लागतो, पण समोरचं कार्यालय सरकारी आहे म्हणून हा कायदा बाजूला राहत नाही. त्यासाठी उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, आणि नोंदणीची तारीख पहिल्या पुरवठ्याच्या आधीची असेल याची खात्री करा. माल पोहोचवून झाल्यावर केलेली नोंदणी त्या मालाच्या वसुलीला उपयोगी पडेल, या भरवशावर राहू नका.